बाटलीवरचं नाव

सोमवारी उत्तमराव काळबांडे भातकुलीच्या बाजारातून दोन किलो वांगी घेऊन पायी घरी आले. वांगी किडकी निघाली म्हणून केशरबाईंनी नवऱ्याला पुष्कळ सुनावलं. मंगळवारी न्हाणीत उत्तमरावांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बुधवारी ते अमरावतीच्या एका दवाखान्यात सहा नंबरच्या पलंगावर, दुखणं थांबवायच्या इंजेक्शनमुळे गाढ झोपले होते.

खरं तर त्यांचा पलंग पाचवा. पण सहाव्यावर पंख्याचा वारा थेट येई, आणि त्यावरच्या नत्थुजींचे कान वाऱ्यानं दुखत. केशरबाईंनी वॉर्डबॉयला चहा पाजून पलंगांची अदलाबदल करून घेतली. नर्सबाईंना सांगायचं राहिलं.

अकराला ऑपरेशन होतं. त्याआधी रक्त जुळवायला, बाटलीत नमुना घेण्यासाठी लॅबमधली अवनी आली. तिच्या चिठ्ठीत सहा नंबरसमोर अजून नत्थुजींचंच नाव होतं.

“पेशंटचं नाव सांगा, आजी.”

“हे आमच्याकडचे.”

“नाव?”

“आरतीचे बाबा.”

“तसं बाटलीवर लिहिता येत नाही. यांच्या मनगटावरची पट्टी कुठं गेली?”

“हात सुजला होता, तं कापली नर्सबाईनं.”

“मग तुम्हीच नाव सांगा.”

केशरबाईंनी पदर सावरला. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, असं आईनं सांगितल्यापासून बावन्न वर्षांत त्यांनी ते उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा त्यांना भोवळ आली होती.

“तूच म्हन ना एखादं. मी मान हालवतो.”

“मी नाव सुचवत नसते. मागच्या महिन्यात एका आजोबांनी तीन नावांना मान हलवली.”

आधार कार्ड आरतीच्या पर्समध्ये होतं. आरती अकोल्याहून निघाली होती आणि मूर्तिजापूरजवळ कुठंतरी तिचा फोन लागत नव्हता.

“नत्थुजी, तुमी सांगा हिले,” केशरबाई म्हणाल्या.

“मी तं त्याइले पाटीलच म्हनतो. नाव कोनाले माहीत?”

“चांगल्याहून चांगलं असते ना, ते.”

“चांगदेव?”

“त्याच्या वर.”

“फस्क्लास?”

“असं नाव असते काय मानसाचं?”

“मग बेस्टराव.”

“नत्थुजी, तुमी पडून राहा.”

अवनीनं चिठ्ठीतलं सहासमोरचं नाव पुन्हा वाचलं, सुई परत ट्रेमध्ये ठेवली आणि ती केशरबाईंजवळ वाकली. “आजी, नत्थुजींचं नाव यांच्या रक्तावर गेलं तर यांना भलत्याच गटाचं रक्त चढेल. माणूस जातो त्यानं.”

“आन् खरं नाव घेतलं तं?”

“तर वाचतो.”

केशरबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. “मायनं मले उलटंच सांगतलं होतं,” त्या म्हणाल्या.

पहिल्या खेपेला नुसते ओठ हलले. अवनीनं कान पुढं केला. दुसऱ्या खेपेला केशरबाई इतक्या मोठ्यानं “उत्तमराव काळबांडे” म्हणाल्या, की पलीकडच्या खोलीतल्या बाया दारात आल्या.

उत्तमरावांनी डोळे न उघडता विचारलं, “काहून वं? मी गेलो काय?”

“नाही, उत्तमराव,” त्यांचा हात अवनीपुढं धरत केशरबाई म्हणाल्या, “हात ढिला सोडा.”