भुताला ‘अहो’ म्हणणारे भालेराव

आमच्या सोसायटीतले भालेराव भुताला ‘अहो’ म्हणतात. जुना हिंदी भुताचा सिनेमा लागला की ते नायकाला अरे-तुरे करतात, नायिकेला नावं ठेवतात, पण हवेलीचा दरवाजा करकरला की हातातली पोह्यांची बशी खाली ठेवून सावरून बसतात. “आले साहेब,” म्हणतात. “बघा कसे आले! घाई नाही, गडबड नाही. नाहीतर तो हिरो. जिना उतरतो तेव्हा वाटतं, याची बस सुटतेय.”

मी चारकोपच्या या सोसायटीची सेक्रेटरी. पाण्याची टाकी, गच्चीची गळती आणि पार्किंगची भांडणं हे माझे विषय. भुतं माझ्या अखत्यारीत येत नाहीत. पण भालेरावांची आणि माझी भिंत एक आहे, आणि रविवारी दुपारी जेवणं आटोपली की त्या भिंतीतून किंकाळ्या येतात. नवा भाडेकरू आला की पहिल्याच रविवारी घाबरून माझी बेल वाजवतो. “सिनेमा आहे, जाऊन झोपा,” एवढंच मी सांगते.

भालेराव मूळचे जालन्याकडचे. सगळी नोकरी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कवळ्या बनवण्यात गेली. दाताचे डॉक्टर माप पाठवायचे, हे कवळी घडवायचे. त्यामुळे माणूस भेटला की आधी त्याचे दात बघतात, मग नमस्कार करतात. भुतांच्या बाबतीतही तेच.

“वरचे सुळे एवढे लांब केले की तोंड मिटत नाही, परबताई,” ते मला जिन्यात थांबवून सांगतात. मी हातात भाजीच्या पिशव्या घेऊन ऐकते. “लाळ गळते. जीभ सोलून निघते. तसली कवळी घालून साधं ‘पाणी द्या’ म्हणून दाखवा. आणि हे साहेब त्यात खदाखदा हसतात! वर तोंडावर रबर, डोक्यावर तापलेला लाइट. आणि सिनेमाच्या पाटीत नाव कुणाचं? हिरोचं. हिरोच्या कुत्र्याचं. यांचं नाही.”

“पण तुम्हाला भीती नाही वाटत?” मी एकदा विचारलं.

“कशाची? आमच्याकडे देवही नाही आणि भूतही नाही. भूत खरंच असतं तर ॲक्टरचं कसलं कौतुक? नसतं, म्हणून तर सगळी मेहनत त्याची.”

 

भीती न वाटण्याबद्दल त्यांची बायको मंगल जास्त सांगू शकेल. “मागे गॅसचा भडका उडाला, मी ओरडतेय, आणि हे ओट्यापाशी उभे राहून म्हणतात, लाइटिंग चांगलं आलंय. या माणसाला दचकायचं कसं तेच माहीत नाही गं!”

सगळ्या भुतांत त्यांचा जीव एका उंच भुतावर. पाच-सहा सिनेमांत वेगवेगळे मुखवटे घालून आलेला माणूस एकच आहे, हे त्यांनी खालच्या एका वाकड्या दातावरून ओळखलं होतं. मग एके दिवशी ते त्याला शोधायला मढला गेले. तिथल्या बंगल्यांवर भुतांच्या सिनेमांचं शूटिंग चालायचं, तेव्हा माणूस जवळपासचाच असणार असा त्यांचा हिशोब. मासळीबाजारात जाऊन एका कोळणीला विचारलं, “मावशी, सिनेमात भूत व्हायचे ते साहेब कुठं राहतात?”

“तांडेलदादा होय? ते बघा, जाळं शिवतायत,” मावशी म्हणाली. “पण आधी पापलेट घ्या.”

भालेराव पापलेट घेऊन तांडेलांच्या पाया पडले. तांडेल ऐंशीच्या घरातले. तरुणपणी उंची बघून त्यांना होडीवरून थेट शूटिंगला उचललं होतं. दहा-बारा सिनेमे केले, मग भुतांची लाट ओसरली आणि ते परत मासेमारीला लागले. आपलं काम कुणी बघितलं असेल, हेच त्यांना खरं वाटेना. त्यांच्या नातवंडांनी म्हणे एकदा सिनेमा लावला होता आणि पोट धरून हसली होती. तेव्हापासून त्यांनी तो विषयच बंद केला होता. हे सांगताना भालेरावांचा आवाज इतका खाली गेला की मी पिशव्या जमिनीवर ठेवल्या.

यंदा सोसायटीच्या वर्धापनदिनाला येणारे पुढारी आयत्या वेळी ‘जमणार नाही’ म्हणाले. भालेराव तासाभरात माझ्या दारात. “तांडेलकाकांना बोलवू या. शाल आणि श्रीफळ. एकदा तरी व्हायला हवं, ताई.”

कमिटीत नाईककाका उसळले. “सकाळी सत्यनारायण आणि संध्याकाळी भूत? वाट लागेल सोसायटीची!”

“निदान वेळेवर तरी येईल,” मी म्हटलं आणि विषय मंजूर करून टाकला.

तांडेल यायला कबूल झाले. आता खरं तर भालेरावांनी खूश व्हायला हवं होतं, पण ते जिन्यात येरझाऱ्या घालायला लागले. “पोरं हसली तर हो, परबताई?”

“हसू देत. वर्धापनदिन आहे, शोकसभा नव्हे.”

“नाही, नाही. घरच्यांचं हसणं त्यांनी गिळलंय. इथं माझ्या शब्दावर येतायत. इथं नको.”

त्या संध्याकाळी तांडेल बरोबर सहाला आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वाकलेली पाठ, पण तरीही सगळ्यांपेक्षा उंच. पार्किंगमध्ये चादर बांधून भालेरावांनी त्यांच्या सिनेमाचा एक तुकडा दाखवला. व्हायचं तेच झालं. रबराचं तोंड दिसलं आणि पोरं फिदीफिदी हसली. “अरे, याचा कान निघालाय!” तांडेल मांडीवरच्या नारळाकडे बघत बसले. भालेरावांचा चेहरा तर बघवेना. मी घाईघाईनं आभार उरकायला उठले, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरची चिंगी म्हणाली, “आजोबा, तुम्ही खरंच घाबरवता? मग दाखवा ना!”

तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? त्यांनी शाल काढली, नारळ माझ्या हातात दिला आणि उभे राहिले. हात पुढे केले, मान वाकडी केली, एक पाऊल टाकलं. गुडघा कुरकुरला तो मला ऐकू आला. मागून कुणीतरी “झकास, आजोबा!” असं ओरडलं आणि परत हशा फुटायला लागला.

“अगं आई गं!”

अशी किंकाळी मी त्या भिंतीतूनही कधी ऐकली नव्हती. भालेराव खुर्चीसकट मागे कोसळले होते, आणि उठून धावत माझ्या पाठीमागे येऊन लपले.  मग चिंगी किंचाळली, तिच्यामागे सगळी पोरं किंचाळली आणि खांबांच्या आड पळाली. नाईककाका दोन पावलं मागे सरकले, हे मी स्वतः पाहिलं. तांडेलांची पाठ सरळ झाली. एकाएकी ते इतके उंच दिसले की ट्यूबलाइटला डोकं लागेल असं वाटलं. मग जे काही त्यांनी केलं, ते बघून मीसुद्धा नारळ घट्ट धरला.

 मंगलनं नवऱ्याची पडलेली खुर्ची उचलून सरळ केली आणि बराच वेळ तिच्यावरची धूळ झटकत राहिली.

पोरांनी परत परत करायला लावल्यावर तांडेल दमून बसले. मला बाजूला बोलावून हळूच म्हणाले, “बाई, त्या गृहस्थांना पाणी द्या जरा. माझं थोडं जास्तच झालं.”

भालेराव छातीवर हात ठेवून पायरीवर बसले होते. “काका, आधी सांगून तरी करायचं,” ते म्हणाले. तांडेल त्यांच्या शेजारी टेकले आणि आपल्या भल्यामोठ्या पंजानं त्यांची पाठ चोळायला लागले. “नाही हां, आता नाही करणार,” असं म्हणत होते, पण त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

मी पाणी आणून दिलं. भालेरावांनी पेला दोन्ही हातांनी धरला, आणि बऱ्यापैकी थरथरवला.