'समजलं' म्हणायचं नाही

आमच्या बेंबळीत शिकवणीच्या पाट्या पुष्कळ. शंभर टक्के निकाल, वैयक्तिक लक्ष, पहिले आठ दिवस मोफत. शोभा मॅडमच्या पाटीवर मात्र एवढंच होतं: 'गणित. पाचवी ते दहावी. इथं "समजलं" म्हणायचं नाही.'

माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराला लागून. पाटी लागली त्या दिवशी दळणाच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. बाई लातूरच्या एका मोठ्या क्लासात शिकवत होत्या, एकेका वर्गात दोनशे पोरं. ते सगळं सोडून वारलेल्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, बंद घराचं कुलूप काढलं आणि एकट्या राहायला आल्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "दादा, दिवाळीपर्यंत पंधरा पोरं जमली तर राहणार. न्हाय जमली तर माघारी लातूर. तसं तिथं सांगूनच आलेय."

पहिल्या महिन्यात जमली तीन. त्यातली एक माझी पल्लवी, तीही मी शेजारधर्म म्हणून पाठवलेली.

पोरानं 'समजलं' म्हटलं की मॅडम खवळायच्या. "समजलं म्हणणाऱ्याला काय बी समजलेलं नसतंय. घरी जा, कुणाला तरी समजावून सांग आन् त्याची सही आण!"

पल्लवी वही घेऊन गिरणीत आली. पट्ट्याच्या आवाजात मला तिचं एक अक्षरही ऐकू आलं नाही. मी सही ठोकून दिली. दहावीचं गणित तिसऱ्या खेपेला सुटलेला माणूस मी, अपूर्णांक नुसता दिसला तरी पान उलटतो. दुसऱ्या दिवशी मॅडम वही घेऊन थेट गिरणीत हजर. भर रांगेसमोर विचारलं, "दादा, तीन छेद आठ मोठा का एक छेद दोन?"

"तीन छेद आठ," मी छातीठोक सांगितलं. वर तीन, खाली आठ, अजून किती मोठं पाहिजे?

रांगेत शेवंता आजी होती. शाळेची पायरी कधी न चढलेली. ती म्हणाली, "आरं येड्या, भाकरीचे आठ तुकडे केले आन् तुला तीनच दिले, तर अर्धी तरी पोटात गेली का?"

सगळी रांग हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझी सही खोडली आणि तिथं आजीचा अंगठा घेतला.

तिथून गावात गणिताची साथ आली. पोरं वह्या घेऊन सही मागत हिंडायला लागली. गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्यानं वस्तरा थांबवला आणि 'लसावि म्हंजी काय ते परत एकदा सांग' म्हणाला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. शेवंता आजी तर दळण नसलं तरी येऊन रांगेत बसायची. मॅडमनी एकटीनं, कुणाला न विचारता, अख्ख्या गल्लीला शाळेत घातलं होतं. मी थक्क झालो होतो, आजही आहे. तिनाची चौदा पोरं झाली.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा एक कापड दुकानदार दोन पोरं घेऊन आला. "मॅडम, आमाला ऐकत बसायला टाइम न्हाय. सहीचं तेवढं सोडा."

चौदा आणि दोन सोळा, एवढं गणित मलाही येतं. मी गिरणीतनं डोळ्यांनी खुणावत होतो, हो म्हणा, हो म्हणा!

"मग पोरं माघारी न्या," मॅडम म्हणाल्या.

भाऊबीज झाली. पोरं चौदाच. मॅडमनी बॅग भरली, दुपारची लातूरची एसटी होती. मी आणि माझी बायको सुनंदा त्यांच्या ओट्यावर गेलो. खरं सांगतो, मला राग आला होता. "एका सहीपायी एवढा हट्ट कशाला हो?"

त्या बॅगेशेजारी बसल्या. "दादा, अण्णा रानातनं आले की म्हणायचे, आज काय शिकलीस ते सांग. पाचवीपासून दहावीपर्यंत मी रोज सांगितलं. ते रोज मान हलवायचे. लई उशिरा कळलं, अण्णांना निम्मं बी ऐकू येत न्हवतं. लाजून कुणाला सांगितलं न्हवतं त्यांनी." मग म्हणाल्या, "पण मला गणित आलं की. लातूरला दिवसभर दोनशे पोरांपुढं बोलायची, आन् खोलीवर आलं की विचारणारं कुणी न्हाय."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी ओट्यावर मांडी घातली.

"मॅडम, सुट्टीच्या आधी शेवटचं काय शिकवलंत? आम्हाला सांगा की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग सुनंदाकडं. रांगोळीचा डबा ओढला आणि ओट्यावर एक त्रिकोण काढला. सुनंदानं मधेच काहीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, प्रश्न लई चांगला आहे. मला काही कळत नव्हतं, मी आपली मान हलवत होतो.

तिसरा कोन निघता निघता एसटी आली. हॉर्न आम्ही तिघांनीही ऐकला. उठलं कुणीच नाही.