सोसायटीची पांढरी चित्रं

रत्नागिरीत गुन्हे कमी होतात याचं श्रेय पोलीस घेतात. खरं तर मी इथे राहतो म्हणून ते होत नाहीत. मी श्रीपती, निवृत्त तलाठी, हल्ली गुप्तहेर. नजर घारीची, चष्मा तेवढा सापडत नाही.

बागायतदार सोसायटीत हंगामी नोकरीवर असलेल्या ऋजुताने एक प्रोग्रॅम लिहिला होता. वर्डमधलं पत्र त्यात टाकलं की त्याचं चित्र होऊन सभासदांच्या मोबाइलवर जायचं, कारण निम्म्या जणांच्या फोनवर वर्डची फाइल उघडतच नाही. पण सुरू झाल्यापासून तीन दिवस चित्रं जात होती ती पांढरीफटक. शुक्रवारपर्यंत सुधारलं नाही तर प्रोग्रॅम बंद आणि तुझी नोकरीही, असं अध्यक्षांनी तिला बजावलं. पोरगी रडकुंडीला आली होती. मला राहवेना.

पहिला संशय मी लांज्याच्या एका काजूवाल्यावर घेतला. त्याला कॉम्प्युटर माहीत नव्हता, म्हणजे मुरलेला गुन्हेगार. मग वाटलं, खारी हवा अक्षरं खाते. उपाय म्हणून मी की-बोर्डला खोबरेल चोळलं. शेवटी अदृश्य शाईची शंका आली, तेव्हा मोबाइल निरांजनावर धरून पाहिला. मोबाइल अध्यक्षांचा होता.

शुक्रवारी चार वाजता धोंडू शिपायाने रोजच्यासारखी भजी आणली. कोऱ्या कागदात. ऋजुताने विचारलं, एवढा कोरा कागद आणतोस कुठून?

"दर पत्रामागे प्रिंटरातून एक निघतोच," धोंडू म्हणाला. "चार वर्सं मी त्यातच भजी बांधतोय."

टायपिंग करणाऱ्या दमयंतीबाईंना यात काही वावगं दिसेना. "साहेबांच्या सहीशिक्क्याला जागा नको? मी पत्र संपलं की वीसदा एंटर दाबते."

ऋजुताने कपाळावर हात मारला. प्रोग्रॅम प्रत्येक पानाचं चित्र काढायचा, पण सगळ्यांना एकच नाव द्यायचा. म्हणून शेवटचं कोरं पान पहिल्याला पुसून टाकायचं. तिने प्रोग्रॅम तपासायला घेतलेलं पत्र एकपानी होतं, म्हणून चूक दिसली नव्हती. मी म्हणालो, हे मला सोमवारीच कळलं होतं. खरं म्हणजे, तीन दिवस मी पुरावा हातात धरून भजी खात होतो.

तिने दोन ओळी बदलल्या आणि रविवारच्या सभेचं पत्र गेलं. एरवी अकरा माणसं यायची आणि सभा दहा मिनिटांत उरकायची. या वेळी दीडशे जण आले, पत्र वाचून, प्रश्न घेऊन. दोन तासांनी अध्यक्षांनी घाम पुसत ऋजुताला हळूच विचारलं, हा प्रोग्रॅम बंद करता येईल का?

हेदवीच्या सभासद तुळसाबाईंनी ते ऐकलं. "आधी पोरीला कायम करा," त्या म्हणाल्या, "मग पुढचं बोला."

हात वर झाले. मी सभासद नाही, तरी दोन्ही वर केले.