टोपीवाल्याने खोगिराचे दुकान घातले त्याची हकीकत

टीव्हीवरील क्रोशाच्या रुमालास व त्यावर विराजमान गजाननास वंदन करोन, भागानगरच्या नल्लकुंट्यातील माडीवरले भाडेकरी, दफ्तरखान्यातून पेन्शनीत निघालेले लक्ष्मणराव, हे कागद लिहोन ठेवितात ऐसे जे: शके एकोणीसशे चौदा, फाल्गुन मासी, आदितवारी तिसरे प्रहरी, खालील मजल्यावर जो संग्राम जाहला तो आम्ही स्वचक्षूने पाहिला आणि पदरचे एक अक्षर त्यात घातले नाही. भजी आम्हांस दोनच पोहोचली, तो राग लेखणीत उतरो दिला नाही.

त्या काळी दिल्लीदरबाराने परक्या मालास मुलखाच्या वेशी मोकळ्या केल्या होत्या, आणि गच्चोगच्ची परातीएवढ्या छत्र्या उगवल्या होत्या, आणि ज्याच्या घरी रंगीत टीव्ही तो मनसबदार व ज्याच्या हाती रिमोट तो सुभेदार, ऐसा अंमल बसला होता. आमचे घरधनी राजमान्य राजश्री उमाजीराव, मूळचे बीदर प्रांतीचे कुणबी, सांप्रत जवळच विद्यानगरी नळ-पाइपांचे दुकानदार, हे आपल्या दिवाणखान्यातील रिमोटाचे एकछत्री धनी. त्यांचे कुटुंब सौभाग्यवती चतुराबाईसाहेब. कन्या तेजश्री. आणि जामात अभिजीतराव, पुणे मुक्कामाहून संगणकाच्या चाकरीस भागानगरी आलेले, मोठे हुशार, परंतु तिखटास कच्चे.

उमाजीरावांस एक व्यसन होते. इटली मुलखी तयार जाहलेले घोडेस्वारांचे एक चित्र, ज्याचे नाव त्यांस स्मरत नव्हते व ज्याचे नाव दुसऱ्या कोणी ऐकलेही नव्हते, ते त्यांनी एकवीस वर्षांपूर्वी आबिड्सच्या थेटरात पाहिले, आणि त्याची कथा ते आल्यागेल्यास सांगत. कथा ऐसी: एक टोपीवाला स्वार. त्याच्या भावास गावच्या सरदाराने मारिले आणि विहीर बळकाविली. टोपीवाला सूड घ्यावयास आला, तो सरदाराच्या माणसांनी त्याचा उजवा हात ठेचिला. मग एका विधवा खाणावळवालीने त्याचा हात शेकिला, आणि त्यास उमज पडोन त्याने पिस्तूल विहिरीत टाकिले, आणि दुसऱ्या गावी जाऊन खोगिराचे दुकान घातले. ते ऐसे चालिले की सरदार ती बरकत ऐकोन मत्सराने झुरोन मेला. येथे उमाजीराव दर वेळी मांडीवर थाप मारीत आणि चहा मागवीत.

आता आतली गोष्ट. ती चतुराबाईसाहेबांनी आमच्या कुटुंबास, मालनबाईंस, गळ्याची शपथ घालोन सांगितली होती, सबब ती आम्हांस त्याच घटकेस कळली. उमाजीरावांनी ते चित्र निम्मेच पाहिले होते. गावाकडे चुलतभाऊ नामदेवरावांनी शेतातील विहीर दाबिली, म्हणोन उमाजीराव कुटुंब व तान्ही तेजश्री घेवोन शहरात आलेले, आणि वळकटीत धार लावलेला कोयता. दोन तिकिटांची ऐपत नव्हती. तेव्हा गरीब रसिकांची जी रीत होती तीच त्यांनी केली: मध्यंतरापावेतो धनी आत व बाईसाहेब मूल घेवोन बाहेर, आणि मध्यंतरी दाराशी पास बदलोन धनी मूल घेवोन बाहेर व बाईसाहेब आत. उमाजीराव बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, आणि मूल हाती घेता घेता ते बोलिले की उद्याच्याच मोटारीने गावी जातो, नामदेवाला सोडत नाही.

मग बाईसाहेबांनी एकट्याने अंधारात बसोन चित्राचा उत्तरार्ध पाहिला. तो कैसा होता ते पुढे येईल. बाहेर येवोन त्यांनी सांगितला तो मात्र खोगिराच्या दुकानाचा. इंग्रजीचे एक अक्षर ज्यांस कळत नव्हते त्यांनी उभ्या उभ्या ती रचना केली, आणि उमाजीरावांनी ती पायरीवर बसोन ऐकिली, आणि दुसरे दिवशी मोटार चुकविली. वर्षाने विद्यानगरी नळांचे दुकान निघाले. कोयता दसऱ्याच्या नारळास लागला. नामदेवराव आजमितीस जिवंत आहेत व दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी पितात, याचे श्रेय त्यांच्या पुण्याईस नव्हे.

इतक्या मोठ्या इमारतीखाली ही एक थाप पायास होती. जामातांस हे ठाऊक नव्हते. त्यांस पहिल्या दिवाळसणी सासऱ्यांनी मिरची का सालन, म्हणजे अख्ख्या मिरच्यांचे जहाल कालवण, वाढोन, डोळ्यांतील पाणी पाहोन, पंक्तीत हसे केले होते, तो सल मात्र ठाऊक होता. एके दिवशी कथा संपताच त्यांनी अर्ज केला की, ‘बाबा, वेस्टर्नमध्ये असा शेवट असूच शकत नाही.’ उमाजीरावांनी फर्मान सोडिले: ‘हौ? तर मग आणा की कॅसेट! मी झूट निघालो तर हा रिमोट तुमचा, आन् मी खरा निघालो तर सालन पुन्हा खायाचं, चाटूनपुसून.’

जामातांनी तीन आठवडे आबिड्सची गल्ली न् गल्ली धुंडिली, आणि ठेचलेल्या हाताच्या खुणेवरोन एका कॅसेटवाल्याच्या फळीमागोन ते चित्र हस्तगत केले, आणि भाड्याच्या व्हीसीआरासहित दिवाणखान्यात तळ दिला. चतुराबाईसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. उमाजीरावांस सत्य कळले तर एकवीस वर्षांचा विश्वास जाईल, हे भय लहान नव्हे. परंतु बाई शूर. त्यांनी प्रथम एकादशी जाहीर केली. पंचांगाने दगा दिला. मग हुकूम काढिला की, ‘कायकू तो मारामारीचा पिक्चर? लेक दोन जिवांची हाये, तिच्यासमोर रगत नक्को.’ त्यावर तेजश्रीच उशी घेवोन पुढे येवोन बसली. मग व्हीसीआरची वायर तांदळाच्या डब्यात गडप जाहली. जामातांनी थैलीतून दुसरी काढिली. शेवटी बाईसाहेबांनी देवापुढे हात जोडिले आणि खरोखरीच वीज गेली, आणि आम्ही मनात शाबास म्हणतो न म्हणतो तो दहा मिनिटांनी परत आली.

चित्र सुरू जाहले. पूर्वार्ध हुबेहूब निघाला: टोपी, सरदार, विहीर, ठेचलेला हात. उमाजीराव प्रत्येक घोड्यास ओळख देत होते. मग विधवा खाणावळवाली आली, आणि तिने हात शेकिला, आणि उमाजीरावांनी जामातांकडे विजयी नजर टाकिली.

त्यानंतर टोपीवाल्याने डाव्या हाती पिस्तूल धरिले.

त्याने सरदाराची माणसे एकामागोन एक पाडिली. खाणावळवाली मध्ये पडली, ती गेली. सरदारास त्याने विहिरीच्या काठी मारिले आणि त्याची अंगठी आपल्या बोटी घातली, आणि त्याच्याच खुर्चीवर जावोन बसला. गावचे लोक येवोन त्यास लवले, जैसे पूर्वी सरदारास लवत होते. तो हसला नाही. खुर्चीशेजारी त्याचे म्हणावे ऐसे एकही माणूस नव्हते. खोगीर कोठेही नव्हते. पडदा काळा जाहला.

जामातांनी रिमोटाकडे पाहिले, परंतु हात पुढे केला नाही, इतकी त्यांची सभ्यता नमूद करणे प्राप्त आहे. चतुराबाईसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पदर तोंडात धरोन उभ्या होत्या.

उमाजीरावांनी चष्मा काढिला, धोतराने पुसला. बराच वेळ पुसला. काळ्या पडद्याकडे पाहिले, मग लेकीकडे, मग उंबऱ्याकडे. आणि घसा साफ करोन निवाडा दिला तो ऐसा:

‘जावईबापू, तुमची कॅसेट नकली हाये. असली पिक्चर आमच्या घरात एकटीनंच बघितलाय. मी तवा या पोरीला कडेवर घेऊन बाहेर उभा होतो.’

मग रिमोट उचलोन ते स्वतः चालत उंबऱ्यापाशी गेले, आणि तो बाईसाहेबांच्या हाती दिला, आणि हळूच बोलिले. आम्ही कान त्याच कामी लाविला होता म्हणोन ऐकू आले: ‘चतुरा, मी निघालोच होतो बघ त्या दिवशी.’ बाईसाहेब उत्तरल्या, ‘मला म्हाईत हाये की.’

जामात बुद्धिमान, त्यांस सर्व उलगडले. त्यांनी उठोन सासूबाईंस नमस्कार केला आणि अर्ज केला की सालन वाढावे. ते त्यांनी चाटूनपुसून खाल्ले, डोळ्यांतून पाणी वाहिले, आणि त्या दिवशी ते एकट्याचेच वाहत नव्हते म्हणोन कोणी हसले नाही.

येणेप्रमाणे फत्ते चतुराबाईसाहेबांची जाहली, आणि विजयाप्रीत्यर्थ नारळ फोडण्याचा हुकूम सुटला. उमाजीरावांनी कपाटामागोन कोयता काढिला. मूठ झिजलेली, धार अद्याप चांगली. एकवीस वर्षांत त्याने नारळाखेरीज काही फोडिले नाही, हे पाहणाऱ्याने लिहिले असे. खोबऱ्याचा वाटा आम्हांस पुरता पोहोचला.