वरच्या फळीवरची माती

माती तपासणाऱ्या जावयाने तिसऱ्यांदा ताटं तोलली आणि कपाळावर हात मारला. घळीची माती आजही कमी भरली होती आणि माथ्याची जास्त.

मळा कॉफीचा, उंच डोंगरावरचा. पालापाचोळा कुजून मातीत मुरतो तो कर्ब. पाऊस तो माथ्यावरून धुतो, उतारावरून घसरवतो आणि खालच्या घळीत नेऊन साठवतो. म्हणून माथ्याची माती विटेसारखी फिकी आणि घळीची कॉफीच्या चोथ्यासारखी काळी. जावयाने नमुने मांडणीवर डोंगराच्याच क्रमाने वाळत घातले होते. माथा पार छताशी, उतार मधे, घळ तळाला. आणि आता छताजवळचा माथा काळा पडत चालला होता!

"घूस असेल," बायको म्हणाली.

"घूस माती वर नेऊन ठेवते? ताटात? वरून हात फिरवून?"

"मग तुम्हीच चिठ्ठ्या उलट्या लावल्या असतील. मागच्या खेपेला लावल्या होत्यात तशा."

हे वर्मी लागलं. त्या चिठ्ठ्यांपायीच साहेबांनी तंबी दिली होती, की आणखी एकदा नमुने चुकले तर घरी बसा. आणि नमुने आज चार वाजता पोचवायचे होते.

जेवण होताच जावई पोत्यांमागे दडून बसला. बाहेर धुकं उतरलं, खिडकीची काच पांढरी झाली. दार करकरलं.

आत आले सासरे. मळ्याचे जुने मुकादम, पाठ इतकी वाकलेली की हनुवटी टेबलाला टेकावी. हातात डबा. त्यांनी तळाच्या ताटातली माती डब्यात भरायला घेतली.

"मामा! हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? पावसाने खाली आणलेली माती वर द्यायला नको? चाळीस वर्षं पावसाळा सरला की टोपल्यांनी हेच केलं. खाली काळी माती दिसली की हात थांबत नाही बघा, जावईबापू."

जावयाचा जीव भांड्यात पडला, आणि तितक्याच चपळाईने बाहेर आला. वरची फळी त्याच्या स्वतःच्या डोक्याहून दोन हात उंच होती. खोलीत ना शिडी, ना स्टूल.

"मामा, तुमचा हात पोचतो तिथे?"

"माझा कशाला पोचायला हवा? मी खालून भरून देतो, जोडीदार वर ओततो. उताराच्या कामाला दोघं लागतातच."

"पण ते तर... गेल्या वर्षी वारले ना?"

"वारला. म्हणून काय काम टाकेल? तसला माणूस नव्हता तो."

म्हाताऱ्याने डबा डोक्यावर उचलला आणि सोडला. डबा खाली पडला नाही.

वर माती पसरल्याची सरसर ऐकू आली. जावयाने छताकडे बघून हात जोडले. "काका, चार वाजता नमुने द्यायचेत. माथा घळीपेक्षा काळा निघाला तर नोकरी जाईल हो माझी. तेवढी घळीची परत द्या."

सरसर थांबली. मग तांदळातले खडे निवडावेत तसा बारीक आवाज बराच वेळ येत राहिला. डबा अलगद खाली आला, काठोकाठ काळ्या मातीने भरलेला. फिक्या मातीचा एक कण त्यात नव्हता. घळीच्या ताटात रिकामा होऊन वर गेला, पुन्हा भरून आला.

सासऱ्यांनी मात्र तोंड फिरवलं.

"चाळीस वर्षं ओरडत होतो, अरे जरा दमानं, जरा माझं ऐक. एकदा ऐकलं असेल तर शपथ! आणि जावयाने नुसतं काका म्हटलं की लगेच!"

वर कुणीतरी खोकलं.