स्पिरिटने पुसलेला नंबर

"नापास झाली तर विकायची," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप बशीत असा आपटला, की शाळा सुटल्याची घंटाच वाटावी.

समोर त्यांचे यजमान बसले होते. पेशाने भूलतज्ज्ञ. सगळं हॉस्पिटल त्यांना भूलवाले डॉक्टर म्हणायचं. आता गंमत बघा, हा गृहस्थ दिवसभर माणसांना झोपवायचा आणि रोज सकाळी गाडी सुरू करून अख्ख्या गल्लीला उठवायचा. गाडी लाल, दोन दारांची, मागे बसायला जागा म्हणाल तर नावापुरती. पण बॉनेटखाली इंजिन दांडगं. हॉस्पिटलला तीच, भाजीला तीच, बाईंना शाळेत सोडायलाही तीच. बाई तिच्यात बसताना दुमडत, उतरताना हात मागत, आणि मधला सगळा वेळ बोलत.

"आणि विकून मग?" डॉक्टरांनी भीत भीत विचारलं.

"सात माणसांची करडी गाडी. मी बघून ठेवलीय."

"अगं, आपण दोघंच तर आहोत घरात!"

"मग ऐसपैस बसू की."

बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डॉक्टरांचा चहा तसाच राहिला. कारण गाडीची धुराची तपासणी सोमवारी होती, आणि इंजिनातून धूर बाहेर नेणारा जुना बिडाचा भाग नेमका आत्ताच तडकला होता. थंड इंजिन दारावर कोणी टकटक करावं तसं वाजायचं. मूळ कंपनीने तो भाग बनवणं कधीच बंद केलेलं, त्यामुळे बाजारातला हेडर बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हेडर म्हणजे काय, तर पाइपांची जुडी. प्रत्येक सिलिंडरमधून एकेक पाइप निघतो आणि पुढे सगळे गळ्यात गळा घालतात.

गॅरेजवाल्याला सगळे डेसिबल म्हणत. तो कुजबुजला तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू यायचं.

"डॉक्टर, लांब पाइपांचा घ्या! धूर गाळायचा डबाच उडवून टाकतो मधला. काय पळेल! काय डरकाळी फोडेल!"

"आणि तपासणी?"

"तपासणी कधीतरी असते हो. गाडी रोज चालवायचीय तुम्हाला!"

"नापास झाली तर रोज करडी चालवायचीय मला."

करडी म्हटल्यावर डेसिबलचाही आवाज बसला. शेवटी डॉक्टरांनी मन मारून आखूड पाइपांचा, कायदेशीर हेडर मागवला. डबा जागच्या जागी, डरकाळी बेताची, आणि मुख्य म्हणजे एका पाइपावर चंदेरी पट्टी, तिच्यावर मंजुरीचा नंबर. तपासणीत तो नंबर दिसला पाहिजे. नाही दिसला तर धूर अत्तरासारखा असला तरी गाडी नापास.

इथवर सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. माशी शिंकली ती डेसिबलच्या एका वाक्याने. "बसवायच्या आधी पुसून आणा बरं का. बोटांचे ठसे राहिले तर तापल्यावर डाग कायमचे!"

दुसरा कोणी असता तर त्याने फडकं मारलं असतं. पण डॉक्टर पडले ऑपरेशन थिएटरमधले. त्यांनी हातमोजे चढवले, जेवणाच्या टेबलावर निर्जंतुक कापड अंथरलं, बाटलीभर स्पिरिट ओतून घेतलं आणि कापसाच्या बोळ्याने एकेक पाइप, इंजेक्शनच्या आधी दंड पुसावा तसा, आतून बाहेर गोल गोल पुसायला घेतला. काम इतकं रंगलं, की शीळसुद्धा सुरू झाली. तिसऱ्या पाइपानंतर बोळा काळा झाला. ही कसली घाण म्हणून डॉक्टर वाकून बघतात, तर पट्टी आरशासारखी लख्ख! तिच्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला, आणि तो हळूहळू पांढराफटक पडत गेला.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

"नवी पट्टी मिळेल ना साहेब. जुनीचा फोटो पाठवा फक्त. नंबर नीट दिसायला हवा."

"अहो, नंबर पुसला गेलाय म्हणून तर नवी हवीय!"

"मग नंबराशिवाय कुठली पट्टी द्यायची ते आम्हाला कसं कळणार?"

डॉक्टरांनी फोन ठेवला. मग आठवलं, खोक्यावरही नंबर छापलेला असणार. ते धावत स्वयंपाकघरात गेले. "अगं, ते हेडरचं खोकं कुठं ठेवलंस?"

"शाळेत नेलं. चौथीच्या मुलांनी त्याचा ज्वालामुखी केलाय," बाई कौतुकाने म्हणाल्या आणि त्यांनी मोबाईलवर फोटोही दाखवला. खोक्याच्या चारही बाजूंनी केशरी रंगाचा लाव्हा ओघळत होता.

तेवढ्यात बाईंच्या वडिलांचा फोन आला. "जावईबापू, सोमवारी मी येतो बरोबर."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. सासरे त्याच तपासणी केंद्रातून प्रमुख म्हणून निवृत्त झाले होते. माणूस सरळ, म्हणजे फूटपट्टीने लाजावं इतका. सख्ख्या भावाची गाडी त्यांनी ऐन लग्नाच्या सकाळी नापास केली होती, आणि नवरदेव सायकलवरून गेला होता. ते खोटं बोलत नाहीत, ही त्या घरातली पहिली शिकवण. डॉक्टरांना त्या रविवारी अन्न गोड लागलं नाही.

हेडर बसवून झाल्यावर डेसिबलने त्यांच्या खिशात हळूच काहीतरी सरकवलं. "दुसऱ्या गाडीची पट्टी आहे. चिकटवून टाका. कोण मरायला नंबर जुळवून बघतंय?" हे तो कुजबुजला, म्हणजे निम्म्या गॅरेजने ऐकलं.

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एका सिरिंजवर चुकीचं लेबल लावलं नव्हतं, तो सोमवारी सकाळी अंगणात बॉनेट उघडून चोरासारखा उभा होता. लावू की नको? डोळ्यांपुढे करडी गाडी आली, सातही सीटा रिकाम्या. डॉक्टरांनी दातओठ खाऊन पट्टीमागचा कागद सोलला.

"काय चाललंय जावईबापू?"

डॉक्टरांनी मूठ मिटली. "काही नाही बाबा. तेल बघत होतो."

"मुठीत?"

"बसा ना बाबा, उशीर होईल!"

सीट इतकी खाली, की सासऱ्यांना पाठीला हात देऊन आत उतरवावं लागलं. मग डॉक्टरांनी गाडी काढली. पहिल्या सिग्नलला त्यांनी चोरून तळहात पाहिला, तर पट्टी गायब! गिअरवर नाही, स्टिअरिंगवर नाही, पँटवर नाही. केंद्र आलं, सासरे कुंथत बाहेर पडले आणि वळले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, मंजुरीचा नंबर चमकत होता.

डॉक्टर मागून धावले आणि पाठीवर हात फिरवून नखाने टोक शोधू लागले.

"पाठ काय थोपटताय?" सासरे दचकले.

"कौतुक वाटतं हो बाबा तुमचं."

"आजच?"

सासरे पुढे निघाले. जुने सहकारी उठून नमस्कार करत होते, आणि ते पुढे गेले की पाठीकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. डॉक्टरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तपासणीला एक तरुण तपासनीसबाई होत्या, सासऱ्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी धुरात नळी घातली. आकडे उत्तम आले. मग त्यांनी बॉनेट उघडून टॉर्च मारला.

"ही पट्टी कोरी आहे."

खोटं सुचेना, आणि सुचलं असतं तरी शेजारी सासरे होते. "मी पुसली," डॉक्टर म्हणाले. "स्पिरिटने."

"का?"

"सवय आहे हो हाताला."

तपासनीसबाईंनी ओठ दातांखाली धरला. बघू बघू करत सासरे इंजिनावर वाकले आणि पाठ बरोबर त्यांच्यासमोर आली.

"सर, तुमच्या पाठीवर मंजुरीचा नंबर आहे."

सासऱ्यांनी हात मागे नेऊन पट्टी ओढून काढली. चष्मा वर केला. वाचली. "हा तर डिझेल ट्रकचा नंबर," ते म्हणाले, आणि त्यांनी जावयाकडे असं पाहिलं, की डॉक्टरांना स्वतःलाच भुलीचं इंजेक्शन घ्यावंसं वाटलं. सासऱ्यांनी पट्टीची घडी करून ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"जाऊ द्या सर," तपासनीसबाई म्हणाल्या. "पट्ट्यांवर आम्ही विश्वासच ठेवत नाही. पट्टी काय, कोणीही छापतं." त्यांनी दांडीला लावलेला आरसा पाइपांखाली सरकवला. जुडीच्या खालच्या अंगाला, धातूतच ठोकलेला नंबर होता. त्यांनी तो वाचला, संगणकावर जुळवला आणि मान डोलावली. "बरोबर आहे. पास."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. लाज वाटत होती, आनंद मावत नव्हता, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळे ते नुसतेच हात जोडत राहिले. प्रमाणपत्र तपासनीसबाईंनी मानाने सासऱ्यांच्या हातात दिलं. सासऱ्यांनी ते खिशात ठेवलं आणि तोच हात पुढे केला.

"चावी द्या. मी चालवतो. तुमचे हात कापतायत."

सासऱ्यांची सगळी नोकरी गाड्यांच्या मागच्या बाजूला, नळकांड्याशी नाक लावून गेली होती. असल्या गाडीच्या पुढच्या बाजूला ते आज पहिल्यांदा बसत होते. निघाले ते गोगलगाईच्या चालीने. मग मोकळा रस्ता लागला आणि त्यांनी जरासा पाय दाबला. जुडी गुरगुरली. सासऱ्यांनी आणखी जरासा दाबला. घराचं वळण आलं आणि मागे गेलं.

"बाबा, आपलं वळण..."

"कळतं मला."

सगळ्या शहराला वळसा घालून ते पुन्हा त्याच वळणावर आले आणि पुन्हा सरळ गेले. सासऱ्यांचे कान लालबुंद झाले होते. त्यानंतर उभ्या रस्त्यात ते एकदाच बोलले. म्हणाले, "अरे वा."

शेवटी गाडी दारात थांबली, तेव्हा बाई फाटकात उभ्याच होत्या. "किती उशीर! काय झालं? पास की नापास?"

डॉक्टरांनी हसत हसत तोंड उघडलं.

"नापास," सासरे म्हणाले.

डॉक्टरांचं तोंड उघडंच राहिलं.

"साफ नापास, बाळा. वाईट वाटतं, पण जे आहे ते आहे."

"अगं पण..." डॉक्टरांना कंठ फुटला. "पास झालीय! कागद आहे! बाबांच्या खिशात आहे!"

बाईंनी वर्गात उचलतात तसा एक हात उचलला. "अहो, निदान बाबांच्या नावावर तरी काही खपवू नका. जन्मात खोटं बोललेले नाहीत ते." मग त्या वडिलांकडे वळल्या. "विकायची म्हणजे विकायची."

"ठरलंय ना तुमचं? मग बाहेर गिऱ्हाईक कुठं शोधत बसता," सासरे स्टिअरिंग न सोडता म्हणाले. "नापास गाडी परक्याच्या गळ्यात मारणं बरं नाही. घेतो मीच. जावईबापू, तेवढं तुमच्या बाजूचं दार लावून घ्या."

डॉक्टर कसे उतरले आणि दार कसं लावलं, त्यांचं त्यांना कळलं नाही. लाल गाडी मागे आली, वळली आणि एकच डरकाळी फोडून कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

बाईंनी पदराने डोळे टिपले. "बघा," त्या म्हणाल्या, "या वयातसुद्धा आपल्यासाठी किती झिजतात बिचारे!"