पट्ट्याकडे तोंड करून

वाईनपट्ट्याकडे तोंड करून जायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. हा नियम मला चालायला यायच्या आधी सांगण्यात आला, असं आई म्हणते. त्यामुळे आमच्या शहरातून पट्ट्याकडे, म्हणजे द्राक्षमळ्यांच्या आणि वाईन कारखान्यांच्या भागाकडे, जाणारी प्रत्येक गाडी अडतीस किलोमीटर रिव्हर्समध्ये जाते.

नवख्या माणसासाठी सोयी सांगते. पहिली सोय बस. सव्वासातला सुटते आणि पावणेअकराला पोचते. ड्रायव्हर शहराकडे तोंड करून बसतो, प्रवासीही तसेच. कंडक्टर मागच्या दारात लटकून "येऊ द्या, येऊ द्या" असं ओरडत राहतो. अर्ध्या वाटेवर कंडक्टर बदलतात, कारण एका घशाला एवढंच झेपतं. दुसरी सोय शेअर जीप. ती जरा लवकर पोचते, पण जीपवाल्यांच्या माना कायमच्या उजवीकडे वळलेल्या असतात. स्टँडसमोरचा एक शिंपी त्यांच्यासाठी तिरक्या कॉलरचे शर्ट शिवतो. तिसरी सोय रेल्वे. इंजिन शहराच्या बाजूला असतं आणि डबे ढकलत नेतं.

स्कूटरला रिव्हर्स गिअर नसतो, म्हणून ती या यादीत नाही. एका गणिताच्या सरांनी ती पायांनी मागे ढकलत न्यायचा प्रयत्न केला होता. ते सातव्या किलोमीटरला सापडले.

या व्यवस्थेचा फायदा असा की रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या सगळ्या गाड्यांची तोंडं शहराकडेच असतात. पट्ट्याकडे कोणीही जाताना दिसत नाही. सगळे येतच असतात. स्टँडवरच्या नोंदीप्रमाणे गेल्या साठ वर्षांत आमच्या शहरातून एकही माणूस पट्ट्यात गेलेला नाही. चांगल्या घरातल्या माणसांना ही नोंद फार आवडते.

माझी निमाआत्या अकरा वर्षांपूर्वी गेली. पट्ट्यातल्या कोळवंडी गावी वाईनचा मोठा कारखाना आहे, तिथे ती प्रयोगशाळेत लागली. पण ती बसमधून शहराकडे तोंड करून गेली, त्यामुळे आमच्या घराच्या मते ती अजून येते आहे. रोज रात्री तिचं ताट मांडलं जातं. कोणी विचारलं, निमा कुठे असते, तर अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगतात, "येतेच आहे." जेवणं झाली की आई ते ताट तसंच्या तसं उचलते आणि पुसून ठेवते. मी चौथीत असताना एकदा म्हणाले होते, "पण आत्या तिकडे राहते ना?" तेव्हा भाऊकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी भरल्या ताटाला पाय लावला होता. भाऊकाका अण्णांचे मोठे भाऊ. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो, आणि बरेचदा पहिलाही.

मी मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं. द्राक्षाच्या रसाची वाईन करणाऱ्या यीस्टबद्दल मला आमच्या गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती आहे. गेल्या महिन्यात आत्याच्या प्रयोगशाळेत एक जागा निघाली. मी फोनवर मुलाखत दिली आणि निवड झाली. सोमवारी अकराच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला जाणार होती. सोबत आत्याचं पत्र आलं. त्यात चारच ओळी होत्या.

"ऊर्मी, ये. पण जमलं तर तोंड पुढे करून ये. मी रोज बसच्या वेळेला कारखान्याच्या फाटकाशी उभी असते. अकरा वर्षं मला येणाऱ्यांच्या फक्त पाठी दिसतात."

पत्र भाऊकाकांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "ती येतेच आहे की. मग तू कशाला?"

अण्णा शनिवारी दुपारी छत्री घेऊन कुठेतरी जाऊन आले. ऊन रखरखीत होतं, तरी छत्री घेतली होती. अण्णा मनाविरुद्ध काही करायला निघाले की छत्री घेतात. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सोमवारी पावणेसातला मी बॅग घेऊन स्टँडवर गेले. पट्ट्याच्या खिडकीवर गांगुर्डे नावाचे साहेब बसतात. तिकीट मिळण्याआधी तिथे परतीची पोच भरावी लागते, म्हणजे तुम्ही परत आलात असं आधी लिहून द्यावं लागतं. त्याशिवाय तुम्हाला बाहेर सोडणं त्यांना शक्य नसतं. परतीची तारीख कोरी ठेवली की तुमच्या नावापुढे "येत आहे" असा शेरा पडतो. आत्याने तशीच ठेवली होती.

मी खिडकीतून नाव सांगितलं. "ऊर्मिला थेटे. एक कोळवंडी."

गांगुर्डे साहेबांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. बोट एका ओळीवर थांबलं. "अहो ताई, तुम्ही आलात ना."

"कुठून?"

"पट्ट्यातून. हे बघा ना. थेटे ऊर्मिला, परत आल्या."

"मी अजून गेलेच नाही."

"जात कोणीच नाही ताई," ते समजुतीनं म्हणाले. "येणंच असतं. आणि तुमचं येणं झालंय. एकदा आलेल्या माणसाला पुन्हा आणायचं कसं? वर्षभर तरी नाही."

मी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. त्यांनी ओढू दिलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. माझ्या नावापुढे अण्णांची सही होती. सगळे रकाने त्यांच्या सुवाच्य अक्षरात भरले होते. परतीची तारीख आजची. मुक्काम चार महिने. परतीचं कारण: "नोकरी केली. जमलं नाही. मुलगी स्वतःहून सोडून आली."

मी बॅग खाली ठेवली आणि ती ओळ पुन्हा वाचली. जी नोकरी मी अजून सुरूही केली नव्हती, तिच्यात मी चार महिने काढले होते, आणि हरून परत आले होते. सहीखाली तारीख शनिवारची होती.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"वडलांची सही आहे," गांगुर्डे म्हणाले. मग त्यांनी आवाज उतरवला. "मनाला लावून घेऊ नका हो. जमत नाही बऱ्याच जणांना. माझा साडूही असाच दीड वर्षात परत आला, निघायच्या आधी."

तेवढ्यात सव्वासातची बस हलली. मागच्या दारातून कंडक्टरचा आवाज आला, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." बस मागे मागे जात स्टँडच्या बाहेर पडली. काचेतून चाळीस-एक माणसं माझ्याकडे तोंड करून लहान लहान होत गेली. एका बाईने मला हात केला. ती मला नुकतीच आलेली समजली असणार.

मी रिक्षा करून घरी आले. माझी स्कूटर घरी होती.

फाटकाशी गर्दी होती. आई दारात उभी होती, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. आमच्याकडे लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि मगच आत घेतात. पायरीवर अण्णा होते, छत्री घेऊन. आरामखुर्ची बाहेर आणून तिच्यात भाऊकाका बसले होते. शेजारच्या कुलथे काकूही पदर खोचून आल्या होत्या.

"आली गं बाई," कुलथे काकू म्हणाल्या. "किती वाळलीस! तिकडचं पाणीच वाईट."

"काकू, काल संध्याकाळी मी तुमच्याकडे विरजण मागायला आले होते."

"हो ना," काकू म्हणाल्या. "तेव्हा कशी छान होतीस."

भाऊकाकांनी पायावरचा पाय काढला. "आम्ही सांगितलंच होतं," ते म्हणाले. ते वाक्य त्यांनी इतक्या समाधानाने म्हटलं की ते शनिवारपासून तोंडात धरून बसले असावेत. "मोठ्यांचं ऐकलं असतं तर चार महिने फुकट गेले नसते. असो. झालं ते झालं. आम्ही काही बोलणार नाही."

"काका, कुठले चार महिने? परवा आपण सगळ्यांनी मिळून पापड लाटले."

"सोडून आलीस हे बरंच केलंस. कमीपणा वाटून घ्यायचा नाही."

"मी काहीही सोडलेलं नाही!"

माझा आवाज चढला तसे कुलथे काकूंनी आईकडे पाहून मान हलवली. "प्रवासाचा शीण आहे. आधी चहा द्या."

आई पुढे झाली. तिने भाकरीचा तुकडा माझ्या डोक्याभोवती फिरवायला हात उचलला. मी तिचा हात धरला.

"आई, नको. मी आलेली नाही."

"आत ये, मग बोलू."

"आत आले की मी आले असं होईल. मी इथेच उभी आहे."

मी अण्णांकडे वळले. त्यांनी छत्रीचं टोक फरशीच्या भेगेत रोवलं होतं आणि ते तिकडेच बघत होते. मला त्यांचा इतका राग आला होता की शब्द सापडत नव्हते. जो सापडला तो फार लहान होता.

"का?"

हा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसतो. भाऊकाका खुर्चीत ताठ झाले. पण अण्णांनी उत्तर दिलं.

"रोज एक ताट उचलतो आम्ही," ते म्हणाले. "न जेवलेलं. अकरा वर्षं. निमा माझी धाकटी बहीण आहे. दुसरं ताट मांडायची ताकद माझ्यात नाही, ऊर्मे. म्हटलं, आधीच आणून ठेवावी तुला."

माझा राग गेला नाही, पण तो कुठे ठेवायचा ते मला कळेना. तोवर पावणेआठ वाजले होते.

"मग मांडू नका," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"ताट मांडू नका. कोणी विचारलं तर सांगा, ती गेली. तिकडे राहते. तिकडे जेवते."

"असं म्हणत नाहीत," भाऊकाका म्हणाले.

"मी म्हणते आहे."

मी बॅग स्कूटरच्या पुढच्या जागेत पायांशी ठेवली आणि स्कूटर स्टँडवरून काढली. तिचं तोंड घराकडे होतं. मी हँडल धरून ती अंगणात पूर्ण फिरवली आणि पट्ट्याच्या रस्त्याकडे केली. कुलथे काकूंनी पदर तोंडावर घेतला आणि बोटांच्या फटीतून बघत राहिल्या.

"ऊर्मिला," भाऊकाका उठून उभे राहिले. "तोंड कुठे करतेस?"

"तिकडे."

"सरळ?"

"सरळ."

"बस गेली. आता साडेतीन तासांची वाट आहे. अकराच्या आत पोचणार कशी तू?" त्यांचा आवाज जिंकल्यासारखा झाला. "घरी ये. नोंद झालेली आहे. तुझ्यासाठी आम्ही सगळं उरकलंय. हट्ट नको."

"नाही," मी म्हणाले. "मी येणार नाही. मी जाते आहे. आणि काका, अडतीस किलोमीटर आहे. सरळ गेलं तर तास लागतो."

भाऊकाकांनी तोंड उघडलं. ते आकडे जुळवत असावेत, कारण त्यांची नजर वर गेली आणि बराच वेळ वरच राहिली. मग त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी खाली पाहिलं. एका तासाच्या अंतरावर असलेल्या बहिणीची दोघांनी अकरा वर्षं वाट पाहिली होती. भाऊकाका सावकाश खुर्चीत बसले. अण्णांनी छत्री भेगेतून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

मी स्कूटर सुरू केली. आई पुढे आली आणि तिने भाकरीचा तुकडा माझ्यावरून तीनदा ओवाळला. तो नेहमी उंबऱ्याबाहेर मागच्या मागे टाकतात. तिने तो पुढे, रस्त्यावर टाकला.

"निमाताईंना सांग," ती म्हणाली, आणि पुढे काय सांगायचं ते तिला आठवेना.

मी निघाले. वळणापर्यंत आरशात ते चौघं दिसत होते. आमच्या घरातल्या कोणी जाणाऱ्याची पाठ कधी पाहिलेली नव्हती. ते ती पाहत होते.